पायी जाण्यात कमीपणा कसला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज या कार्यक्रमाला मी घरून पायीच आले. अंतर म्हणाल तर दहा मिनिटांचे; पण तेवढ्यात तिघीजणींनी मला हटकले. "पायी कायले जाता जी, काकू? पोरगा गाडीवर सोडून नाही देत का?" बोलण्यात माया होती, तशी थोडी कीवही होती. घरी गाडी असून बाई पायी निघाली, म्हणजे एक तर गाडी बिघडली असेल, नाही तर सुनेशी बिनसले असेल! तेव्हाच ठरवले की, आज याच विषयावर चार शब्द बोलावेत.

आपण मोठ्या गमतीची माणसे आहोत. नागपंचमीला कोणी दूरच्या खेड्यातून भद्रनागाच्या दर्शनाला चालत आले, तर आपण त्याला पाणी देतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे 250 किलोमीटर चालून आलेल्या वारकऱ्याच्या आपण पाया पडतो. पवनारचे विनोबाजी 1951 साली पायी दिल्लीला निघाले, त्यांना साऱ्या देशाने हात जोडले. परंतु तीच पावले भाजीची पिशवी घेऊन बाजारातून येऊ लागली, की आपण विचारतो, "गाडी नाही का?" देवासाठी चालणे पुण्य आणि कामासाठी चालणे गरिबी, असा हा न्याय आहे.

वास्तविक चालणारे काही थोडेथोडके नाहीत. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांची माहिती घेतली गेली. त्यांत शंभरांतील सुमारे 22 जण कामावर पायी जात आणि सुमारे 13 जण सायकलने. तरीसुद्धा रस्त्यावर मान असतो तो मोटारवाल्याला!

सायकलीचेही तसेच. एके काळी लग्नात जावई सायकलीसाठी रुसून बसे. पुणे शहर तर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मग स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि सायकल दूधवाल्याची नि मजुराची ठरली. सायकलीची चाके तीच राहिली. बदलली ती आपली नजर.

बाईच्या वाट्याला याहून अवघड नजर येते. याबाबतीत मी स्वतः अपराधी आहे, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. माझी मुलगी आठवीत असताना तिने सायकल मागितली. मी म्हटले, "पोरीच्या जातीला सायकल कशाला? लोक काय म्हणतील?" पुढच्याच वर्षी तिच्या धाकट्या भावाला मात्र मी सायकल घेऊन दिली. ती बिचारी काही बोलली नाही. आज ती दोन लेकरांची आई आहे. दवाखाना घरापासून दोन किलोमीटरवर; पण मूल तापाने फणफणले तरी ती नवरा कामावरून येण्याची वाट पाहत बसते. परवा मी रागावले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, एकटीनं जायची सवय तूच लावली नाहीस." भगिनींनो, मी तिला नुसती सायकल नाकारली नव्हती, हे मला त्या दिवशी कळले.

तमिळनाडूतील पुदुकोट्टाई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तिच्यात बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. खाणीत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हजारो बायका साडी नेसून सायकलीवर बसल्या. प्रथम लोक हसले, मग हसायचे विसरले. आपल्या शेजारी वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथल्या बाबा आमट्यांनी 1985 साली कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली, तिच्यातही मुली सायकलीवर होत्या. हल्ली तर मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या विद्यार्थिनींना शाळेसाठी सायकली मिळतात. सरकारने सायकल दिली. ती अंगणात उभी राहायची की रस्त्यावर धावायची, हे मात्र आपण आयाच ठरवतो.

आता कोणी म्हणेल, "बाई, बोलणे सोपे आहे!" खरे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो. कोळशाचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. दिवा नसलेल्या रस्त्यावरून लेकीबाळींना संध्याकाळी कसे पाठवावे? ही भीती काही मनाचा खेळ नव्हे. युरोपातील नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध आहे; पण 1971 साली तिथे रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप मुलांना घरात कोंडून बसले नाहीत. ते रस्त्यावर उतरले, निदर्शने केली. पुढे सरकारने सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधले. म्हणजे मनही बदलले पाहिजे आणि रस्ताही. चालणाऱ्यांना आपण गरीब समजत राहू, तोवर त्यांच्यासाठी रस्ता मागायला पुढे येणार कोण?

म्हणून मंडळापुढे माझ्या दोनच सूचना आहेत. पहिली, ज्यांना झेपेल त्यांनी पुढच्या बैठकीला पायी यावे, दोघी-तिघी मिळून यावे. गुडघे दुखतात त्यांनी खुशाल गाडीवर यावे, त्यांना कोणी बोल लावू नये. दुसरी, शाळेच्या आणि बाजाराच्या रस्त्याला पायवाट, दिवे आणि कडुनिंबाची सावली मिळावी, असा अर्ज आपण सह्या करून नगर परिषदेला द्यावा. कागद मी लिहून आणला आहे.

यंदा माझी नात आठवीत गेली. तिच्यासाठी सायकल आणली आहे. रोज सकाळी उन्हे चढण्याआधी मी मागचे कॅरिअर धरून तिच्याबरोबर धावते. धावते कसली, धापा टाकते! शेजारच्या बाई बघतात आणि हसतात. काल मात्र त्यांनीच विचारले, "काकू, आमच्या पोरीलेबी शिकवसान का?"

मी हो म्हटले आहे. तुमच्याही मुली पाठवा.