पहिलटकरणीच्या आईला विचारावयाचा प्रश्न



मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपली जुनी रीत. हरमलची लेक मोरजीस दिलेली असो की डिचोलीस, सातवा महिना लागला की ती आईच्या घरी येते. माया, विसावा आणि सरावाचा हात मिळावा, हा त्यातला हेतू. आजचे वैद्यकशास्त्र या रीतीला आणखी एक अर्थ देते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात काय संभवते, याची एक खूण आईच्या बाळंतपणात असते.

प्री-एक्लॅम्पसिया या विकाराचेच उदाहरण घ्या. गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर चढतो आणि बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागते. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड व हात सुजतात, बरगड्यांखाली दुखते. पुढे आकडी आली, तर माता व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. जगात शंभर गरोदर स्त्रियांपैकी दोन ते आठ जणींना हा विकार जडतो. पहिलटकरणीस त्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट असतो. आईस किंवा बहिणीस तो झालेला असल्यास धोका तितकाच वाढतो.

पूर्वी बाळंतिणीस आकडी आली की घरचे लोक देवचाराची बाधा समजत. कोणी रवळनाथाला गाऱ्हाणे घाली, कोणी सायबिणीपुढे मेणबत्ती लावी. श्रद्धेत वावगे काही नव्हते. वाईट एवढेच, की त्या प्रसंगाविषयी पुढे कोणी चकार शब्द काढीत नसे. कुळात दोष आहे असा बोल लागला, तर धाकट्या मुलींच्या सोयरिकी अडतील, ही धास्ती असे.

हा बोल मुळातच अन्यायाचा आहे. वार ही गर्भाबरोबर वाढते आणि तिच्यात पित्याच्या जनुकांचा अर्धा वाटा असतो. गर्भाच्या एफएलटी-१ या जनुकाजवळील फरक या विकाराशी निगडित असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. या जनुकापासून वारेत बनणारे एक प्रथिन आईच्या रक्तात प्रमाणाबाहेर मिसळले, की तिच्या रक्तवाहिन्यांना इजा होते. नॉर्वेतील २००५ सालच्या पाहणीत असेही आढळले, की ज्या पुरुषाच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईस हा विकार होता, त्याच्या पत्नीसही धोका काहीसा अधिक असतो. तेव्हा प्रश्न आईला विचारावा, तसाच सासूलाही विचारावा.

अनुवंश म्हणजे विधिलिखित नव्हे. आईस हा विकार झालेल्या बहुतेक लेकी सुखरूप बाळंत होतात. धोका अधिक असलेल्या स्त्रीस डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात; मात्र ते शक्यतो सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू व्हावे लागते. सातव्या महिन्यात माहेरी आल्यावर आईने जुनी गोष्ट सांगितली, तर ही वेळ टळून गेलेली असते. तरीही सांगणे वाया जात नाही. रक्तदाब वरचेवर तपासला जातो, बाळंतपण म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात करण्याचे आधीच ठरविता येते, आणि वेळ पडल्यास मॅग्नेशियम सल्फेट हाताशी असते. या औषधाने आकडीचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ साली सिद्ध झाले आहे.

दिवस राहिल्याची वार्ता येताच हरमलच्या आईने लेकीजवळ बसावे आणि आपल्या वेळी काय घडले ते, सूज, डोकेदुखी, आकडी, काही न लपविता सांगावे. चोळीबांगडीपूर्वी द्यावयाचा हा अहेर आहे.