हृदय पुन्हा सुरू झाल्यावर



हृदयविकाराचा झटका आणि हृदय अकस्मात बंद पडणे या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात आपण एकच समजतो. परंतु पहिल्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खुंटतो आणि रोगी बहुधा शुद्धीवर असतो, तर दुसऱ्यात हृदयाचे कार्यच थांबून माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याची छाती कोणी तत्काळ दाबली नाही तर काही मिनिटांत सारे आटोपते. १९६० साली जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, केवळ तळहातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि मग असे रोगी घरी परतू लागले.

घरी परतताना त्यांच्या हाती जो कागद पडतो, त्यात गोळ्यांचा तपशील असतो, पथ्य असते, पुढील तपासणीची तारीख असते. मनाच्या खात्यावर मात्र बहुधा एक ओळही नसते. आप्तेष्ट ‘पुनर्जन्म झाला’ म्हणून पेढे वाटीत असतात, आणि ज्याचा पुनर्जन्म झाला तो गृहस्थ मात्र त्या दिवसाचे काहीच स्मरत नाही म्हणून अस्वस्थ असतो. मेंदूतील स्मृतीशी निगडित असलेला भाग प्राणवायूच्या अभावाने फार लवकर दुखावतो. त्यामुळे ओळखीची नावे ओठांवर येत नाहीत, साधा हिशेब चुकतो, दुपारपर्यंत अंगातले त्राण जाते, आणि क्षुल्लक कारणावरून चिडचीड होते. छातीत जरा कळ आली की ‘पुन्हा तेच’ ही धास्ती. घरच्यांना हा आळस किंवा कृतघ्नपणा वाटतो. वास्तविक तो दुखण्याचाच भाग असतो.

आता त्याच्या पत्नीकडे पाहा. नवऱ्याला आठवत नाही तो प्रत्येक क्षण तिच्यापाशी शाबूत आहे. तिनेच जर छाती दाबली असेल, तर तळहाताखाली बरगडी कटकन मोडल्याचा आवाज तिच्या कानांतून जात नाही, आणि आपणच इजा केली अशी टोचणी लागते. अशा प्रसंगी बरगड्या मोडणे ही नित्याची बाब आहे, एवढे तिला कोणी सांगितलेले नसते. रात्री दोन वाजता ती उठते, नवऱ्याच्या नाकापुढे हात धरते, श्वास जाणवला की पुन्हा पडते. झोप मात्र येत नाही. आमच्या वैद्यकीय दप्तरात नातेवाइकाला रकाना असतो तो संमतिपत्रावर सही करण्यापुरता.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन असाच हृदय बंद पडून कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, तो शुद्धीवर आला, आणि त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला. परंतु त्याच्या मदतीला धावलेला कर्णधार सिमोन केअर तो सामना पुरा करू शकला नाही. त्याचे मन इतके हादरले होते की त्याला बाहेर घ्यावे लागले.

म्हणून नातेवाइकांना काही पाहूच देऊ नये, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. फ्रान्समध्ये झालेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५७० नातेवाईक होते. रोग्याला जगविण्याची खटपट चालू असताना ‘तुम्हाला जवळ थांबायचे आहे का?’ असे ज्यांना विचारले गेले, त्यांच्यात तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताची लक्षणे इतरांपेक्षा कमी आढळली, आणि त्यांच्या उपस्थितीने उपचारातही व्यत्यय आला नाही. त्यांतले बहुतेक रोगी वाचले नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. बंद दाराबाहेरची कल्पना प्रत्यक्षाहून भयंकर असू शकते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० साली ‘पूर्ववत होणे’ ही जीवरक्षणाच्या साखळीतील नवी कडी मानली, आणि रोगी व त्याची शुश्रूषा करणारे या दोघांचीही चिंता, नैराश्य व आघात तपासावा, अशी शिफारस केली. आपल्याकडे त्याची तजवीज होईपर्यंत डिस्चार्जच्या वेळी स्वतःच विचारावे: विस्मरण होईल का, थकवा किती दिवस राहील, आणि माझी झोप उडाली तर मी कोणाकडे जावे? त्या दिवसाची हकिकत, रोग्याची इच्छा असेल तेव्हा, त्याला क्रमवार सांगावी; त्याच्या स्मृतीतील खिंडार काहीसे भरते आणि सांगणाऱ्याचेही मन मोकळे होते. घराजवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते, आणि फोन करणारा स्वतः रोगीच असला पाहिजे अशी अट नाही.