नामांकित झेलकरी हवाच काय?

अमेरिकन फुटबॉल हा मुख्यत्वे हाताचा खेळ होय, हे श्रोत्यांनी प्रथम ध्यानी घ्यावे. दूर धावून चेंडू झेलणारा गडी त्यात प्रेक्षकांचा लाडका. पण संघाचा विजय त्याच्यावाचून अडतो काय? २०१२ साली डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने झेलांवर १,९६४ यार्डांची मजल मारून जेरी राइसचा विक्रम मोडला. संघाने मात्र १६ पैकी अवघे ४ सामने जिंकले! चेंडू फेकणाऱ्यास क्षणभर उसंत मिळवून देणारे धिप्पाड गडी सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पण ती उसंत नसेल तर झेलकऱ्याची चपळाई व्यर्थच. मार्च २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने वाऱ्यासारखा धावणारा टायरीक हिल मायामीच्या हवाली केला. फेकणारा माहोम्स व मध्यभागी झेलणारा केल्सी राहिले, हेही खरेच. पुढील दोन्ही हंगामांची अजिंक्यपदे कॅन्सस सिटीकडेच गेली.