दुसऱ्यासाठी गोधडी

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तिला वाकळ म्हणतात, तर तान्ह्या मुलासाठी केलेले लहान, पातळ दुपटे. कर्नाटकातली कौदी, बिहारमधली सुजनी आणि बंगालमधला कांथा ही याच कुळातली. गोधडी बहुधा घरच्याच माणसासाठी शिवली जाते. तीच अनोळखी माणसासाठी शिवली, तर ते मोठे दान ठरते. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, घरातली आजारपणे या साऱ्या धबडग्यातही हे दान साधते, कारण हे काम केव्हाही थांबवता येते आणि थांबले तिथूनच पुन्हा सुरू करता येते.

पहिला विचार पांघरणाऱ्याचा. वसतिगृहातल्या किंवा आश्रमशाळेतल्या मुलाला स्वतः धुता येईल आणि दिवसभराच्या उन्हात वाळेल इतकीच जाड गोधडी हवी. वृद्धाश्रमात जड गोधडी अंगावर ओझे होते, तिथे हलकी बरी. वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणून बाळाचे दुपटे मांडीवर घेताना अंथरायला किंवा बाळ जागे असताना नजरेखाली वापरायला द्यावे. लहान मुलांच्या गोधडीला मणी, टिकल्या, बटणे लावू नयेत. संस्थेला आधी विचारून माप आणि संख्या ठरवली, म्हणजे शिवलेले काम पडून राहत नाही.

मग कापड निवडायचे. अनेक वेळा धुतलेली सुती साडी सर्वांत चांगली. तिची खळ गेलेली असते, ती आणखी आटत नाही आणि घाम टिपते. नवे सुती कापड मिसळायचे असेल तर ते आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. कृत्रिम धाग्याची साडी सुळसुळीत असते, थर एकमेकांवरून सरकतात. विरलेला भाग उजेडासमोर धरला की लगेच दिसतो. तो कापून टाकावा किंवा मधल्या थरात घालावा. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेत असते. म्हणून नुसते जाड कापड घेण्यापेक्षा पातळ कापडाचे तीन-चार थर अधिक उपयोगी पडतात.

नऊवारी साडी सुमारे 8 मीटर लांब असते. तिच्या चार घड्या घातल्या की 2 मीटर लांबीची, चार थरांची, एका माणसाची गोधडी तयार होते. घड्या स्वच्छ फरशीवर पसरून कोपऱ्यांवर वजने ठेवायची आणि मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या. त्यानंतर वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. सलग मोकळा वेळ लागतो तो एवढ्याच कामाला, आणि ते सुट्टीच्या सकाळी दोघांनी मिळून करावे. एकदा कच्चे टाके पडले की गोधडीची वळकटी करून कोपऱ्यात ठेवता येते. आठवडाभर हात लागला नाही तरी काही बिघडत नाही.

पक्की शिवण कडेपासून आत जाते. साडीची रुंदी सुमारे 115 सेंटिमीटर धरली आणि दोन ओळींत 2 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर चारी बाजूंनी आत येत साधारण 28 फेरे होतात. पहिला फेरा 6 मीटरहून लांब असतो, शेवटचा 2 मीटरहूनही कमी. रोज एक फेरा घातला तरी महिन्याभरात गोधडी पुरी होते. पहिले लांब फेरे दोन बैठकींत वाटून घ्यावेत. चार थरांतून सुई ओढताना बोटाला अंगुस्तान हवेच.

घरातली माणसे हाताशी आली की काम आणखी हलके होते. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांचा हात अजून सराईत असतो, त्यांना नातवंडांनी सुया ओवून द्याव्यात. कापड धुणे, वाळवणे, ताणून धरणे हे घरातल्या पुरुषांनी करावे. सुया मोजून डबीत ठेवाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात.

वेळ फारच थोडा असेल तर ओळींऐवजी ठरावीक अंतरावर गाठी मारूनही थर पक्के करता येतात. अमेरिकेतल्या लुथरन चर्चमधले गट दूरदेशी मदत म्हणून पाठवायच्या 60 बाय 80 इंचांच्या गोधड्या अशाच बांधतात. 1995 मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेला ‘प्रोजेक्ट लायनस’ आजारी आणि संकटातल्या मुलांना घरोघरी केलेली पांघरुणे पोहोचवतो. भारतात अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतले जुने कपडे गोळा करते आणि चिंध्यांपासून सुजनीही बनवते. देणाऱ्याची अडगळ घेणाऱ्याच्या माथी मारायची नाही, त्याचा मान राखायचा, हे तिच्या कामाचे सूत्र आहे. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तोच मान घरच्या गोधडीतही दिसावा. शिवून झाल्यावर कच्चे टाके उसवावेत, आत सुई राहिली नाही ना हे लोहचुंबक फिरवून पाहावे, गोधडी धुऊन कडक उन्हात वाळवावी. जी घरच्या लेकराच्या अंगावर घालवणार नाही, ती कुणालाही देऊ नये. देताना तिच्याच कापडाचे चार तुकडे आणि थोडा दोरा सोबत बांधून द्यावा. वापरता वापरता गोधडी विरते, तेव्हा त्या तुकड्यांचे ठिगळ लागते आणि ती आणखी काही हिवाळे टिकते.