चुनकळीची धग

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्यांत ऊस पिकतो, आणि जेथें ऊस तेथें चुनकळी परकी नाहीं. रसांतील आंबटपणा मारण्यासाठीं साखर कारखान्यांत चुन्याचें दूध लागतें. सिमेंट येण्यापूर्वीं वाड्यांच्या भिंतीहि चुन्यांतच उभ्या राहिल्या. चुनकळीवर पाणी शिंपडतांच खडे तडतडतात, वाफ उसळते. विस्तव कोठें दिसत नाहीं, तरी हात भाजतो; आणि एक शिंतोडा डोळ्यांत उडाला तर दृष्टि जाण्याचें भय असतें.

ही उष्णता येते कोठून? चुनकळी व पाणी यांचा संयोग होतांना ती बाहेर पडते. एक किलो शुद्ध चुनकळी विरण्यास पाणी जेमतेम तिसरा हिस्सा लागतें. पण त्यांतून निघणारी उष्णता ३ लिटर थंड पाणी उकळीस आणील. म्हणून जाणता गवंडी हौदांत आधीं भरपूर पाणी घेतो आणि चुनकळी त्यांत थोडी थोडी सोडतो. उष्णता तेवढीच निघते. परंतु ती पाण्यांत वांटली जाते, आणि वेगहि त्याच्या हातीं राहतो.

धोक्याची पारख यांतच आहे. उष्णता किती, ती किती वेगानें निघेल, आणि तिला बाहेर जाण्यास वाट कोणती, हे तीन प्रश्न आधीं विचारावयाचे. वाटींत निरुपद्रवी ठरलेली क्रिया पिंपांतहि तशीच ठरेल असें मानणें घातक होय. ढीग लांबी, रुंदी व उंची यांनीं दुप्पट केला तर उष्णता आठपट होते. ती सोडणारा पृष्ठभाग मात्र चौपटच. शिवाय तापमान चढलें कीं बहुतेक क्रियांचा वेग वाढतो, आणि वेग वाढला कीं तापमान आणखी चढतें.

१९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें हेंच घडलें. मिथिल आयसोसायनेटच्या टाकींत पाणी शिरलें. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधींच बंद होती. उष्णतेस वाट उरली नाहीं, दाब वाढला, विषारी वायु शहरावर पसरला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं.

तेव्हां श्रोत्यांनीं चौथा प्रश्नहि ध्यानांत धरावा : थंडावा बंद पडला तर पुढें काय? टाकी असो वा कोरेगांवचा हौद, उत्तर कामाआधीं तयार हवें. चुनकळी विरविणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा, आणि शेजारीं स्वच्छ पाण्याच्या घागरी भरलेल्या असाव्या. शिंतोडा उडालाच तर डोळा तत्काळ, वीस मिनिटें तरी, पाण्यानें धुवावा व मग वैद्यकीय मदत घ्यावी. त्या वेळीं घागर भरावयास आडावर जाण्याइतका अवकाश कोणासहि मिळत नाहीं.