दोन वाटा आणि एक वाटाड्या
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते. शाळेच्या कार्यालयात पालक रांगेत उभे असतात आणि त्याच वेळी संगणक कक्षात मुले चित्रफिती पाहत असतात. अर्ज अर्ध्यावर अडकतो. इंटरनेटच्या दोन जोडण्या असूनही असे घडले, तर दोष तारेचा नसून व्यवस्थेचा असतो.

राउटर हा वाटाड्या आहे. माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, प्रवास करते. साधा राउटर प्रत्येक पॅकेटाला एकच प्रश्न विचारतो : ‘कोठे जायचे?’ मग बाहेर जाणारे सारे एकाच वाटेने जातात व दुसरी वाट ओस पडते. धोरणानुसार मार्ग ठरविण्याच्या पद्धतीत मात्र तो ‘कोठून आलास?’ आणि ‘कोणत्या कामासाठी?’ हेही विचारू शकतो.

लिनक्स प्रणालीत १९९९ सालच्या २.२ या आवृत्तीपासून ही सोय आहे. तेथे मार्गांचे अनेक तक्ते ठेवता येतात. मुख्य तक्त्याचा नियम ३२७६६ या क्रमांकावर असतो आणि लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो. समजा, कार्यालयातील संगणकांचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात. त्यांच्यासाठी १००० क्रमांकाचा नियम लिहावा : ‘येथून आलेल्या पॅकेटाने तक्ता १०० पाहावा.’ त्या तक्त्यात दुसऱ्या जोडणीची वाट नोंदवावी. झाले!

परंतु दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. तक्ता १०० मध्ये फक्त बाहेरची वाट असेल, तर शाळेच्याच दुसऱ्या जाळ्यातील प्रिंटरकडे निघालेले पॅकेटही बाहेर धाडले जाते. म्हणून त्याआधी, ९०० क्रमांकावर, शाळेतील पत्त्यांसाठी मुख्य तक्ता पाहण्याचा नियम हवा. दुसरे असे की, जोडणी पुढे कोठे तुटली तर नियमाला ते आपोआप कळत नाही. पॅकेट त्याच वाटेने जाऊन हरवते. तेव्हा जोडणी वारंवार तपासून, ती बंद पडताच नियम बदलणारी योजना असावी.

यंत्र नियम पाळते. नियम ठरवायचा असतो आपण. संस्थेची जोडणी ही समाजाची अमानत आहे. गरीब मुलाच्या अर्जाला आधी वाट मिळावी, एवढे धोरण आपण ठरविले तरी पुष्कळ झाले.