दप्तर नवे, यंत्र जुने



पणजोबांचे मोडीतले खरेदीखत पेटीतून निघते आणि घरातल्या पदवीधर मुलाला त्यातले एक अक्षर लागत नाही, असे आपल्याकडे कितीतरी घरांत होते. जुन्याने लिहिलेले नव्याला वाचता येत नाही. संगणकाच्या दप्तरात मात्र नेमके उलट घडते. तिथे नवा जुन्याचे वाचतो. नव्याने लिहिलेले जुन्याला वाचता येत नाही.

समजा, एका शाळेचे जनरल रजिस्टर संगणकावर आहे. मुलांची नावे, जन्मतारखा, सारे एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत नोंदलेले. लेखनिक दर आठवड्याला त्याचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घेऊन ठेवतात. ऐन जूनमध्ये यंत्र बंद पडते. दाखल्यासाठी पालक दारात उभे. कपाटामागे एक जुना संगणक आहे, त्यात २०१४ ची आवृत्ती. प्रत त्याला द्यावी, तर तो साफ नाकारतो. प्रत खराब नाही, संगणकही धड आहे. मग अडले कुठे?

बॅकअप ही वही वाचून उतरवलेली नक्कल नव्हे. सर्व्हरने आपली पाने जशी मांडली, तशीच ती उचललेली असतात. ही मांडणी आवृत्तीगणिक बदलते आणि तिला आतला एक क्रमांक असतो : २०१४ चा ७८२, २०१९ चा ९०४. नवा सर्व्हर ७८२ ची प्रत घेतो आणि आपल्या मांडणीत बदलून टाकतो. जुन्याला ९०४ ची ओळखच नसते. कोणी म्हणतात, 'अहो, कंपॅटिबिलिटी लेव्हल खाली आणा, की झाले!' पण तसे होत नाही. तिने हुकूम समजण्याची रीत बदलते. पानांची मांडणी तीच राहते.

तेव्हा जुन्याकडे प्रत नव्हे, मजकूर न्यावा. नव्या सर्व्हरवरून आधी कोष्टकांच्या रचनेचे हुकूम लिहून घ्यावेत, मग बीसीपीसारख्या साधनाने नोंदी साध्या फायलींत काढाव्यात. फाईल युनिकोडमध्येच काढावी, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याची भीती. जुन्याकडे आधी कोष्टके मांडावीत, मग नोंदी भराव्यात, आणि कोष्टकांमधले संबंध शेवटी जोडावेत. विद्यार्थ्याची नोंद येण्यापूर्वीच त्याचे गुण आले, तर सर्व्हर ते घेत नाही. २०१७ साली आलेला 'स्ट्रिंग अ‍ॅग' सारखा हुकूम २०१४ ला ठाऊक नसतो; तो बदलून लिहावा लागतो. अखेर दोन्हीकडच्या नोंदी मोजून पाहाव्यात.

पण बघा, हे सारे करायला नवा सर्व्हर चालू असावा लागतो. आपल्या गोष्टीतला तर बंद पडला आहे! आता दुसऱ्या चांगल्या संगणकावर २०१९ किंवा त्यापुढची आवृत्ती बसवल्यावाचून गत्यंतर नाही. एक्सप्रेस नावाची बिनपैशाची आवृत्ती मिळते. तिच्या २०१९ च्या रूपात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा असते, शाळेच्या दप्तराला ती सहसा पुरते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे, की बॅकअपवर आवृत्तीचे नाव लिहून ठेवा. त्याच्याजोडीला नोंदींची साधी फाईलही काढत जा. आणि दर सुट्टीत एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिच्या भरवशावर एखाद्या मुलाची जन्मतारीख ठेवू नये.